इंजिन शीतक तापमान संवेदक

इंजिन शीतक तापमान संवेदक हा मोटारीच्या इंजिनात फिरणाऱ्या शीतक द्रवाचे तापमान मोजून ते विद्युत् संकेताच्या रूपाने इंजिनाच्या नियंत्रक संगणकाकडे पोहोचवणारा एक लहान भाग आहे. गॅरेजच्या बोलीत त्याला 'टेंपरेचर सेन्सर' किंवा 'कूलंट सेन्सर' म्हणतात, तर नियंत्रक संगणकाला 'ईसीएम' किंवा 'ईसीयू' म्हणतात. इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ, रेडिएटरच्या पंख्याचे चालू-बंद होणे, डिझेल इंजिनातील ग्लो प्लग किती वेळ तापवायचा आणि इंजिन अति तापल्यास वातानुकूलन यंत्र केव्हा थांबवायचे, हे सर्व निर्णय अंगठ्याएवढ्या या भागाच्या माहितीवर घेतले जातात.

हा संवेदक बिघडला तरी इंजिन सहसा लगेच बंद पडत नाही. ते चुकीच्या माहितीवर चालत राहते. त्यामुळे निदान करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: इंजिन खरोखर तापले आहे काय, आणि संगणकाला त्याचे तापमान खरे कळते आहे काय. या दोहोंची गल्लत झाली की चांगला संवेदक बदलला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरोखर तापलेले इंजिन 'सेन्सर खराब आहे' असे म्हणून चालवले जाते. कडक उन्हाळा, दुष्फेन पाणी आणि घाटरस्ते यांमुळे मराठवाड्यात, विशेषतः छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरात, या बिघाडाला काही स्थानिक वैशिष्ट्ये लाभली आहेत.

रचना व कार्यतत्त्व

संवेदकाच्या पितळी किंवा प्लास्टिकच्या आवरणात टोकाशी थर्मिस्टर नावाचा अर्धसंवाहक मणी बसवलेला असतो. तो मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवतात. सामान्य धातूच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. या मण्याचा मात्र कमी होतो. म्हणून त्याला ऋण तापमान गुणांकाचा थर्मिस्टर म्हणतात. शीतकाचा स्पर्श मण्याला होत नाही, आवरणाच्या टोकाला होतो. आवरणातून आत आलेली उष्णता मणी अनुभवतो. हा तपशील पुढे क्षारांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

रोधाची मूल्ये उत्पादकागणिक वेगळी असतात. सर्वत्र आढळणाऱ्या एका प्रकारात ती साधारणपणे अशी असतात: शून्य अंश सेल्सिअसला सुमारे ५,९०० ओहम, २० अंशांना २,५००, ४० अंशांना सुमारे १,१७५, ६० अंशांना ६००, ८० अंशांना ३२० आणि १०० अंशांना केवळ १८५ च्या आसपास. थंड असताना एका अंशाच्या फरकाने रोध शंभरएक ओहमने बदलतो, तर इंजिन तापल्यावर तोच फरक आठ-दहा ओहमवर येतो. म्हणजेच इंजिन जितके गरम, तितकी संवेदकाच्या मार्गातील लहानशी अशुद्धीही अधिक घातक.

संगणक रोध थेट मोजत नाही. तो स्वतःच्या आतील एका स्थिर रोधकातून ५ व्होल्टचा दाब संवेदकाकडे पाठवतो आणि दोहोंमधील बिंदूवरचा दाब वाचतो. समजा आतील रोधक २,५०० ओहमचा आहे; तर २० अंशांना तो बरोबर निम्मा, म्हणजे २.५ व्होल्ट दाब वाचेल आणि ८० अंशांना सुमारे ०.६ व्होल्ट. तार तुटली तर मार्ग खंडित होऊन पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. रोध प्रचंड आहे, म्हणजे थंडी भयंकर आहे, असा अर्थ लावून संगणक पडद्यावर उणे ४० अंश दाखवतो. उलट दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर दाब शून्यावर येतो आणि वाचन १३०–१४० अंशांच्या घरात जाते. उन्हाळ्यात भर दुपारी स्कॅनरवर उणे ४० अंश दिसले की फिटर हसतात. पण त्या आकड्याइतके सरळ निदान दुसरे नाही.

इतिहास

तापमान वाढल्यावर रोध घटण्याचा गुणधर्म मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. व्यापारी उपयोगाचा थर्मिस्टर मात्र सॅम्युएल रूबेन यांनी १९३० च्या सुमारास तयार केला. मोटारीत त्याला खरे महत्त्व आले ते इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपणामुळे. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मोटारीत बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक प्रणाली बसवली गेली. त्या मोटारीचे इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे तापमान शीतकाचे नव्हे, तर सिलिंडर हेडचे मोजले जाई.

भारतात अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात कार्बोरेटर होता, त्यामुळे संगणकाला तापमान सांगण्याचा प्रश्नच नव्हता. थंडीच्या सकाळी चोकची दांडी ओढणारा आणि इंजिन 'लागल्यावर' ती आत ढकलणारा चालक हाच त्या व्यवस्थेचा संवेदक होता, असे म्हटले तरी चालेल. २००० पासून देशभर लागू झालेल्या उत्सर्जन मानकांमुळे नव्या मोटारींतून कार्बोरेटर झपाट्याने हद्दपार झाला. भारत स्टेज ४ मानके १ एप्रिल २०१० रोजी प्रथम राजधानी परिसर व निवडक शहरांत आली. महाराष्ट्रातून त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, औरंगाबाद नव्हते. देशभर ही मानके १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६. या टप्प्यांबरोबर मोटारीने स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवण्याची व्यवस्था आली आणि सुकाणूचक्राखालच्या १६ खाचांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून ती नोंद वाचता येऊ लागली.

संवेदक, प्रेषक आणि स्विच

एकाच इंजिनावर तापमानाशी संबंधित तीन वेगळे भाग असू शकतात आणि त्यांची नावे बोलताना सर्रास एकमेकांत मिसळतात. पहिला, दोन तारांचा संवेदक, संगणकासाठी असतो. दुसरा, बहुधा एका तारेचा, केवळ डॅशबोर्डावरील काट्यासाठी असतो. त्याचा दुसरा ध्रुव म्हणजे इंजिनाचा धातू. तिसरा हा संवेदक नसून ठरावीक तापमानाला जोडला जाणारा स्विच असतो. जुन्या मोटारींत तो पंखा थेट चालू करतो. काटा बरोबर आहे म्हणून संगणकाचे वाचन बरोबर आहे, असा निष्कर्ष अशा गाडीत काढता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा ऑटोच्या कारखान्यात २००१ पासून जुळणी झालेली पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया हे याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात एकाच आवरणात दोन स्वतंत्र थर्मिस्टर आहेत. चार पिनांपैकी दोन काट्यासाठी आणि दोन संगणकासाठी. एक मणी बिघडून दुसरा शाबूत राहू शकतो. काटा नेहमीप्रमाणे मध्यावर उभा, पण डिझेल इंजिन सकाळी फार वेळ स्टार्टर खाते, अशी तक्रार अशा गाडीत आली तर काट्याच्या साक्षीवर विसंबून चालत नाही. नव्या मोटारींत एकच संवेदक संगणकाला माहिती देतो आणि काट्याला संगणक. त्यातही अनेक गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो: शीतक ७५ अंशांवर असो वा १०० अंशांवर, काटा मध्यावरून हलत नाही. बऱ्याच लहान मोटारींत तर काटाच नसतो. थंड इंजिनासाठी निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल दिवा एवढेच असते.

बिघाडाचे प्रकार

तार तुटणे आणि तारा चिकटणे हे दोन्ही बिघाड सोपे आहेत, कारण संगणकाला ते ओळखता येतात. वाचन शक्यतेच्या बाहेर गेल्यामुळे तो 'चेक इंजिन' दिवा लावतो, पी०११८ किंवा पी०११७ हा संकेतांक नोंदवतो, बहुतेक मोटारींत खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो आणि एखादे गृहीत तापमान धरून इंजिन चालवतो. पेट्रोल थोडे अधिक जळते, पण इंजिन सुरक्षित राहते.

धोकादायक तो तिसरा प्रकार, ज्यात वाचन चुकीचे असूनही विश्वासार्ह दिसते. संवेदकाच्या कपलरमध्ये ओल शिरून पिनांवर हिरवट गंज चढला आणि त्यामुळे मार्गात ३०० ओहमचा जादा रोध आला, असे समजू. वर दिलेल्या मूल्यांनुसार सकाळी २० अंशांना संगणकाला २,५०० ऐवजी २,८०० ओहम जाणवतील. म्हणजे तो सुमारे १७ अंश समजेल. तीन अंशांची ही चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. इंजिन ८० अंशांवर आले की मात्र तोच गंज ३२० चे ६२० करतो आणि संगणक ५९ अंश वाचतो. शीतक १०० अंशांवर पोहोचला तरी वाचन ६७ च्या आसपासच राहते. पंखा साधारणपणे ९५ ते १०० अंशांना सुरू व्हायचा असतो. तो सुरूच होत नाही. दिवा लागत नाही, किंवा लागलाच तर 'इंजिन पुरेसे तापत नाही' असा अर्थ असलेला पी०१२८ हा संकेतांक येतो आणि दोष थर्मोस्टॅटवर जातो. वाहत्या रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. सिग्नलवर किंवा घाटातील कोंडीत तो पुरत नाही आणि तेथे इंजिन उकळते.

याच जातीचा आणखी एक प्रकार शीतक कमी झाल्यावर दिसतो. संवेदक द्रवात बुडालेला असेल तरच तो द्रवाचे तापमान सांगतो. पाइप फुटून किंवा पंपातून गळून शीतक निघून गेला की संवेदकाचे टोक हवेत किंवा वाफेत लोंबकळते. हवेतून उष्णता फार हळू पोहोचत असल्याने वाचन वाढण्याऐवजी घसरते. तापत चाललेला काटा एकाएकी खाली आला, तर चालकाला हायसे वाटते. प्रत्यक्षात तो इंजिन ताबडतोब बंद करण्याचा क्षण असतो. त्यानंतरच्या काही मिनिटांत ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि हेड गॅस्केट जळते. संवेदकाची किंमत बहुतेक गाड्यांत काही शे रुपयांपासून सुरू होते. हेड उघडून फेसिंग करण्याचा खर्च हजारांच्या घरात जातो आणि गाडी कित्येक दिवस उभी राहते.

लक्षणे

संगणक इंजिनाला प्रत्यक्षापेक्षा थंड समजत असेल तर तो मिश्रणात इंधन वाढवतो. ॲव्हरेज घटते, धुराड्यातून कच्च्या पेट्रोलचा वास व काळसर धूर येतो, प्लग काळे होतात, निष्क्रिय गती चढी राहते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होताना अडखळते. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते व ऑइल पातळ होते. धूर-तपासणीत गाडी नापास होण्यामागे हे एक कारण असते. उलट तो इंजिनाला गरम समजत असेल तर थंड सुरुवातीला लागणारे जादा इंधन मिळत नाही. पेट्रोल गाडी सकाळी दोन-तीन प्रयत्नांनी सुरू होते व पिकअप घेताना गुदमरते, डिझेल गाडीत ग्लो प्लग पुरेसा तापत नाही.

यांतील एकही लक्षण फक्त याच संवेदकाचे नाही. बंद पडलेला ऑक्सिजन संवेदक, गळका इंजेक्टर, अशक्त बॅटरी यांतूनही तीच चित्रे उमटतात. लक्षणांवरून संशय घ्यावा, निर्णय नव्हे.

निदान

स्कॅनरवर पी०११५ ते पी०११९ यांपैकी संकेतांक दिसला म्हणजे संवेदक खराब आहे, असा अर्थ सर्रास लावला जातो. संकेतांकाचे शब्द नीट वाचले तर ते 'संवेदकाच्या मंडलात' दोष असल्याचे सांगतात. मंडलात संवेदक, कपलर, दोन तारा आणि संगणकाची पिन हे सर्व येते.

पहिली तपासणी सर्वांत स्वस्त असून तिला हत्यार लागत नाही: इंजिन पूर्ण थंड असताना शीतकाची पातळी पाहणे. पातळी कमी असेल तर पुढच्या कोणत्याही वाचनाला अर्थ नाही. आधी गळती शोधावी लागते.

दुसरी तपासणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करतात. इंजिन सुरू न करता केवळ चावी 'ऑन' करून स्कॅनरवर दोन आकडे पाहायचे: शीतकाचे तापमान आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे तापमान. रात्रभरात दोन्ही बाहेरच्या हवेशी जुळलेली असतात, म्हणून त्यांच्यात दोन-चार अंशांहून अधिक फरक पडू नये. जानेवारीच्या सकाळी हवा १३ अंश आणि शीतक ३५ अंश दिसला, तर दोन्हींपैकी एक संवेदक खोटे बोलतो आहे आणि कोणता ते साध्या तापमापकावरून कळते. गंजलेल्या कपलरचा दोष मात्र या कसोटीतून निसटतो. थंड असताना तो जवळजवळ खरे बोलत असतो.

म्हणून तिसरी तपासणी इंजिन तापत असताना करावी लागते. आकडा सलग चढत जायला हवा. थर्मोस्टॅट उघडताना, म्हणजे बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या आसपास, तो किंचित थबकतो किंवा थोडा खाली येतो. मध्येच ७० वरून ४० व पुन्हा ७० अशी उडी दिसली तर ती पाण्याची असू शकत नाही. पाणी इतक्या वेगाने थंड होत नाही. ती उडी सैल पिनेची असते आणि कपलर हलक्या हाताने हलवला की पुन्हा उमटते. इन्फ्रारेड तापमापक असल्यास थर्मोस्टॅटजवळच्या काळ्या रबरी पाइपावर रोखून तुलना करतात. चकचकीत धातूवर तो रोखला तर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. वाचन ५९ आणि वरचा पाइप हाताला सोसवत नाही इतका गरम, अशी स्थिती असेल तर थर्मोस्टॅटला दोष देण्याचे कारण उरत नाही.

संवेदक आणि तारा यांतील दोषी कोण, याचा निवाडा कपलर काढून होतो. चावी 'ऑन' असताना दोन तारांच्या संवेदकाचा कपलर काढला की वाचन उणे ४० वर जायला हवे. कपलरमधील दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की ते कमाल मूल्यावर जायला हवे. दोन्ही वेळा तसे झाले तर तारा आणि संगणक बहुतांशी निर्दोष असून संशय संवेदकावर व पिनांवर राहतो. झाले नाही तर नवा संवेदक आणून उपयोग नाही. चार पिनांच्या संवेदकात कोणत्या पिना संगणकाच्या हे आकृतीवरून कळल्याशिवाय हा प्रयोग करू नये. अनेक मोटारींत इंजिन चालू असताना कपलर काढला की पंखा आपोआप सुरू होतो. त्यामुळे पंख्याची मोटर, रिले आणि फ्यूज यांचीही जाता जाता परीक्षा होते.

शेवटची खात्री काढलेल्या संवेदकावर मल्टिमीटरने होते. पातेल्यातील पाण्यात संवेदकाचे टोक आणि तापमापक बुडवून पाणी हळूहळू तापवतात व दर दहा अंशांना रोध लिहून काढतात. टोक पातेल्याच्या तळाला टेकू द्यायचे नाही. आकडे उत्पादकाच्या कोष्टकाशी ताडून पाहतात. येथे एक स्थानिक बारकावा आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. उकळत्या पाण्यातील रोध कोष्टकातील १०० अंशांच्या मूल्यापेक्षा किंचित जास्त आला, तर तो संवेदकाचा दोष नव्हे.

संवेदक बदलणे

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण उघडत नाहीत. झाकणामुळे आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट राहतो, त्यामुळे शीतक १२० अंशांच्या पुढेही न उकळता राहू शकतो. झाकण उघडताच दाब जातो आणि द्रव क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर उसळतो. ओले फडके झाकणावर टाकून ते फिरवण्याची पद्धत गरम इंजिनावर सुरक्षित नाही. सांडलेला शीतक धुऊन टाकावा लागतो, कारण त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते आणि लहान मुले व पाळीव जनावरे त्याकडे आकर्षित होतात.

संवेदक आट्यांचा असेल तर योग्य मापाच्या पान्याने काढतात आणि तांब्याचा वॉशर नवा घालतात. क्लिपचा असेल तर क्लिप ओढून तो बाहेर येतो आणि रबरी रिंग नवी घालावी लागते. प्लास्टिकच्या घरात बसणारा संवेदक जोर लावून आवळला की घरालाच तडा जातो. एका तारेच्या प्रेषकाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे टाळतात, कारण आटे हाच त्याचा दुसरा ध्रुव असतो. जुन्या कपलरमधील गंज संपर्क-स्वच्छक फवाऱ्याने काढला नाही, तर नवा संवेदकही जुनेच आकडे सांगतो. 'सेन्सर बदलला तरी फरक नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते.

गेलेला शीतक त्याच प्रकारचा भरून प्रणालीतील हवा काढणे हा कामाचा अर्धा भाग आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून, पंखा दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत इंजिन चालवतात आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहतात. हवेचा फुगा संवेदकापाशी अडकला तर नव्या संवेदकाचेही वाचन चुकते. संकेतांक पुसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाचे दोन्ही आकडे आणि त्यानंतर तापलेल्या इंजिनाचा आकडा पाहिला, म्हणजे काम पुरे झाले.

मराठवाड्यातील परिस्थिती

छत्रपती संभाजीनगर शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते. पण ते रोज येत नसल्याने बोअरचे व टँकरचे पाणी सर्वत्र वापरले जाते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात. असे दुष्फेन पाणी तापले की विरघळलेले क्षार घन होऊन तळाशी बसतात. पाणी तापवण्याच्या भांड्यात आणि गिझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर तोच. रेडिएटरमध्ये शीतकाऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची सवय असलेल्या गाड्यांत हा थर सर्वांत गरम भागांवर, म्हणजे सिलिंडर हेडच्या वाटांत आणि त्यांच्या तोंडाशी असलेल्या संवेदकाच्या टोकावर चढतो. थर उष्णतेला अडवतो. संवेदक खोटे आकडे देत नाही, पण उशिरा देतो. घाट चढताना तापमान झपाट्याने वाढते तेव्हा हा उशीर पंख्यालाही होतो. असा संवेदक पातेल्यातील संथ चाचणीत उत्तीर्ण होतो, म्हणून बाहेर काढल्यावर त्याचे टोक डोळ्यांनी पाहणे आवश्यक असते. उपाय संवेदक बदलण्यात नाही. प्रणाली धुऊन तीत योग्य शीतक भरण्यात आहे. शीतक बाजारात तयार मिळतो. संहत स्वरूपाचा घेतल्यास तो निम्म्या प्रमाणात निर्लवण पाण्यात मिसळतात. बॅटरीत घालायचे पाणी त्यासाठी चालते.

हवामानाचा परिणाम दोन्ही टोकांना दिसतो. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास व वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०–१२ अंशांपर्यंत व कधी त्याहून खाली उतरतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे शीतक व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. शीतक ९५ अंशांवर असताना १२ अंशांच्या पहाटे हा फरक ८३ अंशांचा असतो, ४२ अंशांच्या दुपारी ५३ अंशांचा. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता एक-तृतीयांशाहून अधिक घटलेली असते. हिवाळ्यात लपून राहिलेला गंजका कपलर उन्हाळ्यात उघडा पडतो तो यामुळे. कन्नड व चाळीसगाव यांदरम्यानच्या औट्रम घाटात वाहतूक तुंबली की चढ, मंद गती, वातानुकूलनाचा भार आणि तापलेली हवा हे सर्व एकत्र येतात आणि पंख्यावाचून पर्याय उरत नाही. थंडीचा परिणाम त्यामानाने सौम्य आहे. उत्तर भारतात इंजिनाला गरम समजणारा संवेदक पहिल्याच कडाक्यात पकडला जातो. येथे तो एखाद-दुसऱ्या वर्षीच्या थंड सकाळीच गाडी अडवतो आणि दोष बॅटरीला लागतो.

रूढ उपाय व त्यांचे दोष

गाडी वारंवार गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा राज्यभर रूढ असलेला उपाय आहे. त्यामुळे शीतक सतत रेडिएटरमधून फिरतो आणि वाहत्या रस्त्यावर इंजिन ६०–६५ अंशांच्या वर जात नाही. कार्बोरेटरच्या इंजिनात हे खपून जाई. अंतःक्षेपणाच्या इंजिनात संगणक ते थंड समजून, आणि या वेळी खरेच समजून, जादा इंधन देत राहतो. पी०१२८ संकेतांक येतो आणि कोणीतरी निर्दोष संवेदक बदलतो. मूळ कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा झिजलेला पंप, तसेच राहते.

'फॅन डायरेक्ट करणे', म्हणजे संवेदक व रिले यांना वगळून पंख्याची तार चावीच्या किंवा वेगळ्या स्विचच्या मंडलाला जोडणे, हा दुसरा उपाय. वाटेत अडकलेली गाडी घरापर्यंत आणण्यासाठी तो समर्थनीय आहे, कारण इंजिन वाचते. कायमचा केला तर सतत फिरणारी मोटर लवकर झिजते, बारीक तार तापून जळण्याचा धोका राहतो आणि पुढे खरा बिघाड शोधणाऱ्याला मंडलाची आकृती उपयोगी पडत नाही. संवेदकाच्या जागी बाजारातला स्थिर रोधक जोडून दिवा विझवणे हा प्रकार मात्र कोणत्याही परिस्थितीत असमर्थनीय आहे: संगणकाला इंजिन कायम ८० अंशांवर दिसते आणि ते वितळेपर्यंत पंखा लागत नाही.

इतर वाहनांत

भारत स्टेज ६ नंतर दुचाकींतही इंधन अंतःक्षेपण सार्वत्रिक झाले. बजाज पल्सर एनएस २०० सारख्या द्रवशीतित मोटारसायकलींत शीतकाचा संवेदक असतो. हवेने थंड होणाऱ्या दुचाकींत इंजिनाच्या धातूचे किंवा ऑइलचे तापमान मोजतात. तपासणीची पद्धत तीच, केवळ रोधाचे कोष्टक वेगळे. विद्युत् मोटारींत इंजिन नसले तरी बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या मार्गात अशाच जातीचे थर्मिस्टर बसवलेले असतात. त्या वाहनांतील उच्च दाबाची, नारिंगी आवरणाची तार मात्र प्रशिक्षणावाचून हाताळली जात नाही.